न दाखवलेला हात

माझ्याकडून जे घडलं ते आधीच लिहून टाकतो. मागे ठेवलं तर मी त्याच्यावर कारणांची पांघरुणं घालत बसेन. अमरावतीला वेटलिफ्टिंगची एक विभागीय स्पर्धा होती, चाळिशी ओलांडलेल्यांची. माझ्या एका मित्राचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. अशा माणसाचा हात स्पर्धा सुरू होण्याआधी पंचांना दाखवायचा असतो. मग पंच त्याला तेवढी सूट देतात. दाखवला नाही, तर डोक्यावर नीट पेललेलं वजनही बाद होतं. पंचांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. त्यानं मला विचारलं, "भाऊ, सांगतलं का त्यायले?" मी म्हणालो, "हो, सांगतलं." मी सांगितलं नव्हतं. विसरलोही नव्हतो.

आता बाकीचं सांगतो.

मी पाच फूट अकरा इंच आहे. आमच्या घरात सगळेच उंच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्या मंडळींनी माझी नोकरी कायम आहे का हे नंतर विचारलं. आधी "पोरगा उंचापुरा हाये" असं एकमेकांना सांगून समाधान करून घेतलं. लग्नाच्या फोटोत मी मागच्या रांगेत असूनही सगळ्यांच्या वर दिसतो. ही उंची मला आयुष्यात कुठेच आडवी आली नाही, फक्त एका ठिकाणी आली, आणि नेमकं तेच ठिकाण मला सगळ्यात जास्त आवडत होतं.

विसाव्या वर्षी अमरावतीच्या एका व्यायामशाळेत मी पहिल्यांदा रॉड उचलला. तिथल्या वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू व्हॉलीबॉल खेळ बावा. हे बुटक्यायचं काम हाये." मला ते लागलं. म्हणून मी चोवीस वर्षं हा खेळ सोडला नाही. नोकरीसाठी अकोल्याला आलो तरी तिथली जिम शोधली. सोमवार ते शनिवार अकोल्यात भाड्याच्या खोलीत, शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याला उतरून अमरावतीला घरी, असं माझं चालू होतं. या चोवीस वर्षांत जिल्ह्याच्या स्पर्धेतही मला कधी पहिल्या तिघांत जागा मिळाली नाही.

मी एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तरफेचा प्रयोग दरवर्षी मीच मांडून देतो. त्यामुळे माझं काय चुकतं हे मला फार चांगलं कळत होतं, आणि ते माझं चुकत नव्हतंच, हेच दुःख होतं. मांडीचं हाड लांब असलं की खाली बसताना कंबर मागे जाते. तोल राखायला छाती पुढे झुकते आणि सगळा भार पाठीवर येतो. हात लांब असले की रॉड फार रुंद धरावा लागतो. स्नॅचमध्ये, म्हणजे वजन एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर नेताना, माझ्या करंगळ्या प्लेटांच्या कडेला टेकायच्या. उंच माणसाला तेच वजन जास्त वर न्यावं लागतं. त्यात गट पाडतात ते शरीराच्या वजनावर, उंचीवर नाही. माझं वजन लांबीत पसरलेलं, दुसऱ्याचं जाडीत साठलेलं. उंच माणसं पुष्कळ वजन उचलतात हे मलाही माहीत आहे, पण ती माझ्याहून वीस-पंचवीस किलो भारीही असतात. जमिनीवरून नुसतं मांडीपर्यंत उचलायचं असतं तर लांब हात कामी येतात. आमच्या खेळात मात्र तेवढ्यावर कुणी सोडत नाही.

तो जिममध्ये आला तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. मी चव्वेचाळीसचा. बाळापूरच्या अलीकडे त्याचं गाव. घरची थोडी जमीन, तिच्यात मेथी, मुळा, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सकाळी भाजी टेम्पोत घालून अकोल्याच्या बाजारात आणायचा आणि हर्रास संपला की साडेनऊला जिममध्ये यायचा. आमच्याकडे भाजीच्या लिलावाला हर्रास म्हणतात. माझी प्रात्यक्षिकं बारा वाजता सुरू व्हायची, म्हणून माझीही वेळ तीच. त्याच्या सदऱ्याला कुठेतरी सांबाराचं पान चिकटलेलं असायचंच.

उंची पाच फूट साडेचार इंच. धड माझ्याएवढंच लांब, पण मांड्या आखूड आणि जाड, जशा उखळाला असाव्यात तशा. पहिल्या दिवशी मी त्याला रिकामा रॉड डोक्यावर धरून खाली बसायला सांगितलं. नवा माणूस असा बसला की पुढे तरी पडतो नाहीतर टाचा उचलतो. मला स्वतःला ती बैठक नीट जमायला तीन वर्षं लागली होती, तीही टाचांखाली फळी ठेवून. तो खाली बसला, अगदी तळाला, पाठ सरळ, आणि तिथूनच मला विचारलं, "आता काय करू भाऊ? उठू का बसूनच राहू?"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या आत त्याच क्षणी काहीतरी वाकडं झालं, हे मला आज कबूल केलं पाहिजे.

त्याची आणि माझी चांगली गट्टी जमली, हेही खरं आहे. तो मोकळा माणूस. एकदा बुटांची नाडी बांधता बांधता त्यानं पोलीस भरतीची गोष्ट सांगितली.

"दोन डाव गेलतो भाऊ. धावण्यात पयला. गोळाफेकीत पयला. उंचीत अर्धा इंच कमी. दुसऱ्या डावाले कोनीतरी सांगतलं का झोपून राह्यलं त मानूस सकाळी थोडा लांब होते. मंग काय, बापानं मले टेम्पोत आडवा टाकला अन् ढेपेच्या पोत्यावानी थेट मैदानावर नेऊन उतरवला. उभा झालो पट्टीखाली."

"मंग?"

"सूतभर कमी. साहेब म्हने, पोट्ट्या, अजून थोडं झोपाले पायजे व्हतं."

तो स्वतःच खूप हसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमची उंची मले भेटली असती नं भाऊ, आज फौजदार असतो." मी काहीतरी बोललो. मनात आलं, दे मग तुझ्या मांड्या आणि घेऊन जा उंची.

आठ महिन्यांत त्यानं पंच्याहत्तर किलोचा स्नॅच केला. पंच्याहत्तर हा माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा होता. चोवीस वर्षांत तो मी दोनदा उचलला होता आणि दोन्ही वेळा घरी पेढे नेले होते. त्यानं तो मंगळवारी सकाळी उचलला, रॉड खाली टाकला, तळहात चड्डीला पुसले आणि विचारलं, "जमलं नं भाऊ?"

मी म्हणालो, "जमलं. उजवा पाय हलला थोडा."

पाय हलला नव्हता.

त्या दिवसांत मी फार विचित्र वागत होतो. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना माझं लक्ष लोकांच्या पायांकडे जायचं. हा हमाल, याची मांडी आखूड, याला जमलं असतं. हा तिकीट तपासनीस, माझ्यासारखाच, याचं काही खरं नाही. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही त्या भाजीवाल्या भाऊंचं बोलता बोलता ओठ मुडपता. माहिते का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी घरी त्याच्याबद्दल बोलणंच बंद केलं.

एका सोमवारी मी बायकोच्या शिलाईच्या डब्यातला टेप खिशात घालून अकोल्याला नेला. जिममध्ये सांगितलं की शरीराच्या मापांचा आणि वजन उचलण्याचा काय संबंध आहे ते पाहायचं आहे. लोकांना गंमत वाटली. मी चार-पाच जणांची मापं घेतली, वहीत लिहिली. पण खरं मला एकाच माणसाला मोजायचं होतं. त्याची मांडी माझ्यापेक्षा पावणेतीन इंच आखूड निघाली. रॉड डोक्यावर पेलला की जमिनीपासून तो किती उंच जातो तेही मोजलं. माझा रॉड त्याच्यापेक्षा जवळजवळ वीतभर जास्त प्रवास करत होता. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण आकडे पाहून मला न्याय मिळाल्यासारखं वाटलं. मी कमी नव्हतो. माझी हाडं लांब होती.

मग हात मोजले. उजवा झाला. डाव्याला टेप लावला तेव्हा खांद्यापासून मनगटापर्यंत अंतर जवळपास इंचभर कमी भरलं. मी म्हटलं, "सरळ कर." तो म्हणाला, "सरळच हाये."

नव्हता. कोपरात बारीक वाक होता. लहानपणी बकऱ्यांसाठी कडुलिंबाचा पाला तोडताना तो झाडावरून पडला होता. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून हात जोडला, आणि तो जोडला गेला तसा राहिला. नांगर धरायला, टेम्पो चालवायला, पोती उचलायला त्याला कधी अडचण आली नाही. शाळेत पोरं वाकड्या म्हणायची तेवढंच.

आमच्या खेळात मात्र कोपर हे सगळं काही असतं. वजन डोक्यावर गेलं की दोन्ही कोपरं ताठ दिसली पाहिजेत. वाकलेलं कोपर म्हणजे माणसानं झटक्यानं न उचलता दाबून उचललं असा अर्थ निघतो, आणि पंच लाल दिवा देतात. पण जन्मतः किंवा अपघातानं ज्याचा हात सरळ होतच नाही, त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. आमच्या जिममध्ये ते वाचलेला मी एकटा. फॉर्म भरणं, पंचांशी बोलणं, वजनाच्या वेळा पाहणं ही कामं सगळ्यांनी माझ्यावर टाकलेली असायची आणि मला तो मान आवडायचा.

त्या दिवशी मी त्याला सगळं खरं सांगितलं. हात आधी दाखवला की काही होत नाही, घाबरू नको म्हणालो.

"मंग तुमीच सांगजा भाऊ," तो म्हणाला. "मले त्या कोटवाल्यायसंग बोलता नाई येत. तुमी हायेच नं."

"सांगीन."

म्हणताना माझ्या मनात काही नव्हतं. शपथेवर सांगतो.

विभागीय स्पर्धेत आम्ही दोघं एकाच वयाच्या आणि एकाच वजनाच्या गटात आलो. प्रत्येक गटातला पहिला राज्याला जाणार होता. आमच्या गटात आठ जण होते, आणि त्यांतले सहा माझ्याहून कमी उचलणारे आहेत हे मला माहीत होतं. मला पहिल्यांदाच कळत होतं की मी जिंकू शकतो. मध्ये एकच माणूस होता.

स्पर्धा रविवारी होती, माझ्याच गावात. सकाळी वजनं झाली. तो भिंतीशी बाकावर बसून मोजे चढवत होता. मी आमच्या जिमचे तीन फॉर्म घेऊन मुख्य पंचांच्या टेबलाशी उभा होतो. त्यांनी फॉर्म पाहिले, सह्या केल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नाही सर."

एवढंच घडलं. त्यासाठी मी रात्रभर जागून बेत केला नव्हता. सकाळी घरून निघताना बायकोनं हातावर दही ठेवलं तेव्हाही केला नव्हता. त्या माणसानं विचारलं, आणि मी नाही म्हणालो. मग वळलो, तर तो माझ्याचकडे बघत होता, आणि त्यानं तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मी वर दिलं आहे.

त्यानं सत्तर किलोनं सुरुवात केली. त्याला ते किती हलकं होतं हे मला ठाऊक होतं. रॉड वर गेला, तो खाली बसला, उठला, स्थिर उभा राहिला. तीन पंच, तीन दिवे. लाल, लाल, पांढरा.

त्याला काही समजलं नाही. त्यानं पुन्हा सत्तरच मागितले. दुसऱ्या वेळी आणखी सावकाश, आणखी नीट उचललं. तिन्ही लाल. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, "दाबून उचलून राह्यला रे तो, दाबून!" आणि चार-दोन जण हसले.

तो आत आला, थेट माझ्यापाशी. "भाऊ, हात दाखवला व्हता नं?"

"दाखवला," मी म्हणालो. "हे पंच ऐकत नाईत."

पंचांचं टेबल तिथून बारा-पंधरा पावलांवर होतं. त्याच्या तिसऱ्या वेळेला अजून अवकाश होता. चालत गेलो असतो तरी पुरलं असतं.

तिसऱ्या वेळी प्लॅटफॉर्मवर जाऊन त्यानं रॉड धरण्याआधी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पायाला पट्टी गुंडाळत असल्यासारखं केलं. या वेळी त्यानं वजन वर नेल्यावर डावा हात जोर लावून ताणायचा प्रयत्न केला, हाड जिथं थांबतं त्याच्याही पुढे. रॉड मागे गेला आणि त्याच्या पाठीमागे पडला. तीनही बाद. स्नॅचनंतर वजन उचलण्याचा आणखी एक प्रकार असतो आणि दोन्हींची बेरीज धरतात, पण स्नॅचमध्ये शून्य म्हणजे एकूण वजनच नाही, स्पर्धा संपली. तो खांदा दाबत बाहेर आला आणि बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

मी त्याच्या आधी अडुसष्ट उचलले होते, नंतर एकाहत्तर उचलले. दुपारपर्यंत मी पहिला होतो.

जेवायला तो आमच्या घरी येणार हे आधीच ठरलं होतं. मला वाटलं आता येणार नाही. आला. मुळ्याची एक मोठी जुडी आणि कोबीचे चार गड्डे घेऊन आला. दारातच बायकोला म्हणाला, "वहिनी, गोड केलं का नाई? भाऊनं मैदान मारलं." तिनं त्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, "माहा हातच तसा हाये. त्यायचा नियम असन. भाऊनं सांगतलं त्यायले, पन नाई ऐकलं."

कबुलीच्या गोष्टींत माणसाला अशा वेळी जेवण जात नाही. मी व्यवस्थित जेवलो. श्रीखंड दोनदा घेतलं.

राज्य स्पर्धेला गेलो आणि खालून तिसरा आलो. तो जिममध्ये आणखी दोन आठवडे आला. तिथं एक-दोघं त्याला "दाबून" म्हणायला लागले होते, थट्टेतच. मग तो येईनासा झाला. बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती मला अधूनमधून मेथी पाठवायचा. मला वाटलं होतं, तो समोर दिसला नाही की माझं जळणं थांबेल. थांबलं नाही. मी एकट्यानं रॉडखाली बसायचो, छाती पुढे, टाचांखाली फळी, आणि तो कसा बसायचा तेच डोळ्यांपुढे यायचं. पदक माझ्या खोलीत खिळ्याला होतं आणि तरीही मी त्याच्यावर जळत होतो. असं चौदा महिने.

मग गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी त्याचा फोन आला.

"भाऊ, बुधवारी अकोल्यात येऊन राह्यलो. दवाखान्यात. हात मोडून घेतो."

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हने, कोपराजवळचं हाड कापून सरळ, सरकं बसवता येते. म्हने, गॅरंटी नाई, बोटायची नस जवळच हाये, पन करता येते. एकदा सरका झाला का मंग पंच काय म्हनतीन? तुमी याजा नं भाऊ. थे सहीचे कागद इंग्रजीत राह्यते. तुमी वाचून सांगसान तिथंच मी सही करीन."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्या शनिवारी मी घरी गेलो नाही. रविवारी सकाळी एसटीनं बाळापूरच्या रस्त्याला लागलो, फाट्यावर उतरलो आणि त्याच्या शेतापर्यंत चालत गेलो.

तो हौदाशी मुळे धूत होता. त्याची बायको बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून तो ओल्या हातानंच पुढे आला. "अरे बाप्पा! भाऊ! फोन नाई काई नाई. बसा. च्या ठेव वं."

"च्या ठेवते, पन आधी तुमी याले सांगा भाऊजी," ती म्हणाली. "चांगला चालता हात मोडून घ्याले निंगाला. उद्या बोटं नाई हालले त मुळा काय दातानं उपटन का?"

"तुले नाई समजे त्यातलं."

"मले नाई समजत. डॉक्टरले बी नाई समजत, तो बी म्हने कायले करता. तुले एकल्यालेच समजते."

मी म्हणालो, "वहिनी बरोबर बोलतात. ऑपरेशन करू नको."

"काऊन?"

"गरज नाई त्याची. असा हात पंचायले आधी दाखवला का चालते. उचललेलं वजन बाद नाई होत."

"दाखवला व्हता नं आपुन," तो म्हणाला. "नाई चालला."

मी हौदातल्या पाण्याकडे बघायला लागलो. त्याच्या बायकोच्या हातातली जुडी अर्धवट बांधलेली राहिली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी दाखवला व्हता का?"

"नाई."

तो हसला. "मजाक करून राह्यले ते." मग माझा चेहरा पाहून थांबला. ओले हात पुसत म्हणाला, "गर्दी बम व्हती त्या रोजी. तीन-तीन फॉर्म तुमच्यापाशी. इसरले असान."

त्यानं मला वाट काढून दिली होती. तेवढं हो म्हटलं असतं तर मी चहा पिऊन परत आलो असतो, आणि तो मला आयुष्यभर भाऊ म्हणत राहिला असता.

"विसरलो नाई," मी म्हणालो. "पंचायनं विचारलं व्हतं. मी नाई म्हनलो. तू बाद व्हावा म्हून."

"काऊन पन?" तो म्हणाला. "मी काय केलतं तुमचं?"

मग मी त्याला सांगायला लागलो. चोवीस वर्षं, पंच्याहत्तर किलो, टेपनं मोजलेली मांडी, पावणेतीन इंच. कॉलेजात मुलांना समजावतो तसं समजावत गेलो आणि बोलता बोलता मलाच ते किती हलकं वाटायला लागलं. तो खाली आपल्या पायांकडे बघत होता. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"या पायायच्यानं?" तो म्हणाला. "भाऊ, या पायायच्यानं मले पोलिसात नाई घेतलं."

त्याची बायको उठून उभी राहिली. "चवदा महिने झाले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "चवदा महिने हा मानूस रोज सकाळी उठून दाराच्या चौकटीले हात लावून दाबते. सरका व्हावा म्हून. कनत राह्यते, पन दाबते. मी म्हनो, काऊन करून राह्यला असा? तर म्हने, पंचायनं नाई म्हनलं. अन् आठवडा झाला का भाऊले मेथी पाठव, भाऊले मेथी पाठव. तुमाले गोड लागली का हो ती मेथी?"



"तू थांब," तो तिला म्हणाला. त्यानं हौदाचा नळ बंद केला. मुळ्यांची पानं झटकली, मुळे टोपल्यात रचले, एकेक करून. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिसऱ्या डावाले मी तुमच्याकडं पायलं व्हतं."

"हो. मले दिसलं व्हतं."

"मले वाटलं, भाऊ काईतरी करतीन."

आतापर्यंत मी माझी हाडं, माझी वर्षं, माझं जळणंच सांगितलं होतं. ज्यासाठी आलो होतो ते राहिलंच होतं. मी चपला काढल्या, का ते माहीत नाही, आणि त्या ओल्या जमिनीवर दोघांसमोर उभा राहिलो.

"मी पंचायले सांगतलं नाई, अन् सांगतलं म्हून तुह्याशी खोटं बोललो," मी म्हणालो. "दुसऱ्या डावानंतर विचारलं तवा परत खोटं बोललो, अन् पंचायवर ढकललं. जेवाले आला तवाबी गप्प राह्यलो. हे चुकून झालं नाई, जाणून केलं. तुहा हात चांगला हाये, त्याले कोनाले हात लावू देऊ नको. ते पदक माहं नाई. जिममध्ये सगळ्यायसमोर सांगतो, अन् पंचायले लिहून देतो. तू मले माफ कर असं म्हनाले तोंड नाई मले, तरी म्हनतो. माफ कर. वहिनी, तुमचीबी माफी मागतो."